नवा मास्टर सिलिंडर, तरी नरम पेडल : खालून वर एअर काढण्याचं एक प्रकरण

गाडी दाजींची. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. राहायला कोल्हापुरात आणि गाव वैभववाडीच्या बाजूला, म्हणजे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणं नेहमीचंच. अशा गाडीच्या ब्रेकबाबत ‘चालतंय की’ म्हणून गप्प बसता येत नाही.

मूळ तक्रार सरळ होती. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली सरकायचं. चाकांपाशी कुठे ओल नव्हती, ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल कमी होत नव्हतं. ऑइल बाहेर जात नाही आणि तरी पेडल सरकतंय, तर ते मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या, आतच सीलच्या कडेने पलीकडे जातंय. गॅरेजवाल्याने मास्टर सिलिंडर बदलला. ते निदान बरोबरच होतं, सरकणं थांबलं. पण आता पेडल नरम लागायला लागलं. दाबलं की ओल्या उशीवर पाय दिल्यासारखं, आणि ब्रेक धरायचा तो पार खाली गेल्यावर. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जरा वर यायचं. गॅरेजमध्ये परत नेली, त्यांनी चारही चाकांची एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, पुन्हा काढून दिली, फरक नाही. तिथून उत्तर मिळालं, “थोडे दिवस चालवा, एअर आपोआप निघंल.”

या उत्तरात थोडं तथ्य आहे. पेडल पूर्ण सुटलेलं असताना मास्टर सिलिंडर आणि डबी यांच्यामधलं बारीक भोक उघडं असतं. सिलिंडरात त्या भोकाखाली अडकलेले बुडबुडे तिथून हळूहळू वर डबीत जातात. नवीन ऑइल भरताना त्यात मिसळलेली बारीक हवा अशी एक-दोन दिवसांत निघून जाते. पण हवा भोकापासून लांब, सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाला बसली असेल तर ती महिनाभर गाडी चालवली तरी जागची हलत नाही. आणि तोवर घाट उतरायचा कसा, हा प्रश्न राहतोच.

दाजी मला म्हणाले, “तू ते यूट्यूबवर बघून करतोस ना सगळं, बघ जरा.” मी म्हटलं, “दाजी, आधी बघू काय झालंय. एअर काढायचं मग ठरवू.”

नरम आणि खोल

पेडलच्या दोन तक्रारी नेहमी एकत्र सांगितल्या जातात आणि तिथेच निम्मा वेळ वाया जातो. पेडल नरम असणं म्हणजे दाबत जाल तसं ते दबत जातं, कुठेही ठाम थांबत नाही. असं झालं की संशय हवेवर, नाहीतर फुगणाऱ्या जुन्या होज पाइपवर. पेडल खोल असणं म्हणजे सुरुवातीला बरंच रिकामं जातं, पण एकदा लागलं की टणक लागतं. तिथे बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारी पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. पहिल्या दाबात व्हील सिलिंडरच्या (लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) पिस्टनचा सगळा प्रवास ते अंतर भरून काढण्यातच जातो. लगेच दुसरा दाब दिला तर लायनर अजून मागे सरकलेले नसतात, म्हणून पेडल वर लागतं. पंपिंग केल्यावर पेडल वर येतं ते हवेमुळेही आणि लायनरमुळेही, त्यामुळे नुसत्या पंपिंगवरून काही ठरवू नये.

दाजींच्या गाडीत दोन्ही होतं. गॅरेजमध्ये ते एकच धरलं गेलं आणि दोन्हीवर एकच औषध चाललं : एअर काढा.

किती हवेने किती बिघडतं याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. या वर्गातल्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस मिलिमीटर. एका सर्किटमध्ये (मास्टर सिलिंडरपासून दोन-दोन चाकांकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांपैकी एकीत) फक्त १ मिलिलिटर हवा राहिली तर ब्रेकच्या दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते, आणि ती जागा भरायला पिस्टनला ३ मिलिमीटरहून थोडं जास्त पुढे जावं लागतं. पेडलचा तरफेचा गुणक ४ धरला तर पायाखाली सव्वा सेंटिमीटर. एक मिलिलिटर म्हणजे वीसेक थेंब. दोन-अडीच मिलिलिटर कुठे अडकली की पेडल निम्म्याच्या खाली गेलंच म्हणून समजा.

हवा कुठे बसली आहे?

एअर काढण्याआधी ती कुठे आहे हे कळलं तर काम निम्मं होतं. दोन चाचण्या केल्या. दोन्हीला फारसं काही लागत नाही.

पहिली डबीवरची. इंजिन बंद, डबीचं झाकण काढून वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरला. हा तुकडा हवाच, कारण ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर वाईट आणि रंगावर पडलं तर रंग गेला. दाजींना सांगितलं, “भराभर पंपिंग करा, शेवटचा दाब धरून ठेवा, आणि मी म्हणेन तेव्हा पाय एकदम सोडा.” पाय सुटला तसं डबीतून ऑइलचं छोटं कारंजं उसळलं आणि प्लास्टिकवर आपटलं. निरोगी ब्रेकमध्ये पाय सोडल्यावर डबीत जेमतेम एखादी लाट उठते. इथे दाबून ठेवलेली हवा स्प्रिंगसारखी सुटली आणि तिने ऑइल मागे फेकलं. आत हवा होती, आणि भरपूर होती.

दुसरी चाचणी होज पाइप चिमटण्याची. चार चाकांना चार रबरी होज. गोल, गुळगुळीत जबड्याचे होज क्लँप मिळतात, तेच वापरायचे. पक्कड किंवा लॉकिंग प्लायरने चिमटलं तर आतलं अस्तर फाटतं आणि चाचणीतून नवीन बिघाड जन्माला येतो. होज तडकलेले दिसत असतील तर ही चाचणी करूच नये. इथे ते जुने असले तरी तडे नव्हते. आधी मागचे दोन चिमटले : पेडल लक्षात येण्याइतकं वर आलं, पण नरमपणा तसाच. मग पुढचे दोनही चिमटले. आता चारही चाकं ब्रेकपासून तोडलेली, तरी पेडल दबतच होतं.

इथे प्रकरण उघडं पडलं. चारही चाकं तुटलेली असताना पेडल नरम लागतं, म्हणजे हवा चाकांत नाही, ती क्लँपच्या वर आहे : मास्टर सिलिंडरमध्ये, नाहीतर त्याला लागून असलेल्या लोखंडी नळीत. आणि मागचे होज चिमटल्यावर पेडल वर येतं, म्हणजे खोलपणाचा मोठा वाटा मागच्या ड्रमचा. दोन दुखणी, दोन जागा. गॅरेजमध्ये मात्र परत-परत चाकांचीच एअर काढली जात होती.

नव्या मास्टर सिलिंडरमध्ये हवा राहण्याचं कारणही नेहमीचंच. तो बसवायच्या आधी व्हाइसमध्ये धरून, ऑइल भरून, त्याच्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या परत डबीत सोडायच्या आणि पिस्टन सावकाश ढकलत बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, अशी पद्धत आहे. बाकावरच एअर काढून घेणं म्हणा. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी गाळतात, कारण बऱ्याच गाड्यांत ती गाळली तरी पेडल मारून भागतं. ज्या गाड्यांत सिलिंडर बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) थोडा तिरपा, नाक वर करून बसलेला असतो, तिथे भागत नाही. हवा नाकाशी चढून बसते आणि डबीची भोकं मागच्या, खालच्या बाजूला असतात. पेडल मारलं की ती हवा नळीत जायच्या ऐवजी तिथल्या तिथे दबते आणि सुटली की फुगते.

पिचकारी

आता पर्याय. मास्टर सिलिंडर काढून बाकावर एअर काढता आली असती. त्यासाठी लोखंडी नळ्यांचे नट सोडावे लागणार, आणि कोकणात ये-जा करत दहा-बारा वर्षं काढलेल्या नटांच्या कडा गोल होतात, नळी पिळते. गॅरेजने ते एकदा सोडून लावले होते. परत हात लावायची इच्छा नव्हती. व्हॅक्यूमने निपलमधून, म्हणजे चाकापाशी हवा काढायच्या पोकळ स्क्रूमधून, ओढणं हा दुसरा मार्ग. त्यात निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. खरी हवा संपली की नाही ते कळत नाही. वरून डबीत दाब देणारा प्रेशर ब्लीडर चांगला, पण त्याला त्या-त्या डबीच्या झाकणाचा जोड लागतो.

उरलं ते उलटं ब्लीडिंग, म्हणजे उलट्या बाजूने एअर काढणं : चाकाच्या निपलमधून ऑइल आत ढकलायचं, ते नळीतून चढत मास्टर सिलिंडरमधून डबीत बाहेर पडेल आणि वाटेतली हवा घेऊन येईल. याच्यासाठी तयार हत्यार मिळतं. बंदुकीसारखी हँडल दाबायची पंपाची पिचकारी. सायकलच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवाल्यांना हे नवं नाही, तिथे सिरिंजने खालून वर ऑइल चढवणं नेहमीचं आहे. मोटारीलाही मोठी सिरिंज चालते. आम्ही औषधाच्या दुकानातली, सुई नसलेली ६० मिलिलिटरची घेतली आणि निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी. दोन्ही टोकांना केबल टाय.

सिरिंजने पुरेसा दाब येतो का, असं दाजींनी विचारलं. येतो. या सिरिंजचं आतलं क्षेत्रफळ साडेसहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. सहा किलोचा जोर दिला की जवळजवळ एक बारचा दाब. चाकापासून डबीपर्यंतची उंची अर्धा-पाऊण मीटर, तिला त्याच्या दहाव्या भागाएवढाही दाब लागत नाही. बाकीचा सगळा नळीत वेग आणायला.

एक पथ्य कडक पाळायचं : हत्यार कोरं हवं. पूर्वी इंजिन ऑइल किंवा ग्रीस भरलेली पिचकारी कितीही पुसली तरी वापरायची नाही. ब्रेकच्या आतले रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, खनिज तेलाने ते फुगतात. उलट्या पद्धतीत तो अंश थेट सगळ्या यंत्रणेत जातो आणि मग चारही चाकांच्या किटांपासून मास्टर सिलिंडरपर्यंत सगळं बदलायची वेळ येते. सिरिंजचा काळा रबरही ब्रेक ऑइलमध्ये काही वेळाने चिकटायला लागतो. दोन जादा सिरिंज जवळ ठेवल्या.

‘हवा वरच जाते’ हे कितपत खरं

उलट्या ब्लीडिंगची जाहिरात एका वाक्यावर चालते : हवा निसर्गतः वर जाते, मग तिला खाली का ओढायचं? ऐकायला पटतं. पण ब्रेकची लोखंडी नळी आतून तीन-साडेतीन मिलिमीटरची. एवढ्या बारीक नळीत बुडबुडा नळी भरून बसतो आणि आपापला जवळजवळ सरकतच नाही. तिथे हवेला हलवतो तो ऑइलचा वेग, आणि वेगाला वर-खाली सारखंच. मागच्या चाकापर्यंत चार मीटर नळी धरली तर तिच्यात ३०-३५ मिलिलिटर ऑइल मावतं. एक सिरिंज वीसेक सेकंदांत रिकामी केली की नळीत सेकंदाला ३०-३५ सेंटिमीटरचा प्रवाह येतो आणि आतलं सगळं ऑइल एकदा पूर्ण बदलतं. खरा फायदा या सलग, न थांबणाऱ्या प्रवाहाचा. पेडल मारताना एका दाबात एका सर्किटला चार-पाच मिलिलिटर जातं आणि मग थांबा.

हवा वर जाते हे खरं ठरतं ते मोकळ्या पोकळीत : मास्टर सिलिंडरच्या आत, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) आत, व्हील सिलिंडरच्या आत. आणि तिथेच या पद्धतीची दुसरी बाजू दिसते. कॅलिपरचं निपल मुद्दाम सगळ्यात वरच्या जागी ठेवलेलं असतं, म्हणजे हवा तिथे गोळा होऊन बाहेर पडावी. आपण त्याच निपलमधून ऑइल आत ढकलतो, तेव्हा कॅलिपरमधली हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते, कारण तिला बाहेर पडायला खाली होजच्या तोंडाकडे जावं लागतं. थोडक्यात, उलटं ब्लीडिंग मास्टर सिलिंडर आणि नळ्यांसाठी उत्तम, चाकाच्या टोकासाठी सुमार. उलटं झाल्यावर शेवट सुलट्यानेच करायला हवा. फक्त पिचकारी मारून निपल बंद करणाऱ्यांचं पेडल अर्धवट सुधारतं आणि मग ही पद्धत बोगस म्हणून नाव पडतं.

दाजींच्या गाडीत हवा वरच्या टोकाला आहे हे क्लँपने आधीच सांगितलं होतं. म्हणून पिचकारी. हवा चाकात असती तर तिला हात लावला नसता.

अंगणातलं काम

गाडी सपाट फरशीवर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक सोडलेला, कारण मागचे ड्रम उघडायचे होते. मागची बाजू जॅकने उचलून दोन स्टँडवर ठेवली आणि जॅकचा भरवसा तिथेच संपवला. विटांवर गाडी ठेवणारे अजूनही दिसतात. वीट बाजूने फुटते तेव्हा सूचना देऊन फुटत नाही.

मागची बाजू उचलायला आणखी एक कारण होतं. व्हीलबेस २.४ मीटरच्या आसपास. मागे ३० सेंटिमीटर उचललं की गाडी ७ अंशांनी पुढे झुकते. मास्टर सिलिंडरचं वर असलेलं नाक तेवढंच खाली येतं, आणि नाकाशी बसलेल्या हवेला डबीच्या भोकाकडे यायला चढ मिळतो.

आधी चारही निपल सुटतात का ते पाहिलं. निपल तुटलं तर सगळं काम तिथेच थांबतं आणि कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर बदलण्यापर्यंत प्रकरण जातं, म्हणून ही तपासणी पहिली. पुढची दोन्ही सहज सुटली. मागचं डावं गंजलेलं होतं. गंज सोडवणारं तेल मारून चहा घेतला, मग निपलच्या डोक्यावर हलक्या हातोडीचे टोले, आणि सहा कोनी रिंग पाना. उघड्या तोंडाचा पाना अशा वेळी कडा खातो.

पिचकारी मारण्याआधी चाकांकडचं जुनं ऑइल खालूनच काढून टाकलं. ही पायरी वगळली असती तर कॅलिपरमध्ये साठलेला काळा गाळ आम्ही स्वतःच्या हाताने नव्या मास्टर सिलिंडरमध्ये चढवला असता. निपल उघडून, नळी बाटलीत सोडून, डबी भरती ठेवत ऑइल स्वतःच्या वजनाने गळू दिलं. पुढून पिवळसर आलं, मागून चहाच्या रंगाचं. नवं ऑइल डॉट ३, गाडीच्या पुस्तकात तेच लिहिलं होतं. डॉट ३चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ४ घातलं असतं तरी चाललं असतं, दोन्ही एकाच जातीची. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. घाटात पॅड तापतात, ऑइल तापतं, आणि पाणी प्यालेलं ऑइल उकळलं की वाफेचा बुडबुडा तयार होतो. वाफ हवेसारखीच दबते. म्हणून अर्ध्या वापरलेल्या, वर्षभर कपाटात पडलेल्या बाटलीतलं ऑइल वापरलं नाही.

मग डबीतलं ऑइल उपसून निम्म्यावर आणलं, नाहीतर खालून चढणारं ऑइल डबीतून ओसंडून बूस्टरवर आणि चॅसीवर पडणार. डबीभोवती चिंध्या गुंडाळल्या, पाण्याची बादली शेजारी ठेवली. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, सांडलंच तर लगेच पाणी ओतायचं. नुसतं फडक्याने पुसलं तर ते पसरतं.

सिरिंज भरली, तोंड वर करून टिचक्या मारल्या, नळीतून ऑइलचा थेंब बाहेर येईपर्यंत दट्ट्या दाबला. नळीत दोन इंच हवा राहिली तरी ती तुम्ही ब्रेकमध्ये घालता. नळी निपलवर बसवली, पाव आटा उघडलं. दाजी डबीपाशी टॉर्च घेऊन. “दाजी, आता पेडलला कुणी हात लावायचा नाही हं.” पेडल थोडं जरी दाबलेलं असलं तरी पिस्टन भोकाच्या पुढे जातो, वाट बंद होते आणि सिरिंज हटून बसते. सिरिंज अजिबात जात नसेल तर आधी पेडलखाली पायपुसणं अडकलंय का ते बघावं.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. दट्ट्या सावकाश, मग एका दमात. अर्धी सिरिंज गेली तोवर डबीत काहीच नाही, फक्त पातळी चढत होती. मग दाजी म्हणाले, “आलं आलं,” आणि डबीच्या पुढच्या कप्प्यात मोहरीएवढे बुडबुडे ओळीने वर यायला लागले. ते संपले असं वाटतानाच एक मोठा बुडबुडा भोकातून सुटला आणि पृष्ठभागावर फुटला, इतका मोठा की ऑइल डबीच्या भिंतीवर उडालं. तोच तो, नाकाशी बसलेला. दट्ट्या संपायच्या आत, सिरिंजमध्ये थोडं ऑइल असतानाच निपल बंद केलं. पूर्ण रिकामी होऊ दिली तर शेवटी हवाच आत जाते.

दुसऱ्या सर्किटसाठी मागचं उजवं. तिथून बारीक बुडबुडे आले, मोठा नाही. पुढच्या दोन चाकांना गाडी खाली घेतल्यावर पाळी दिली. फारसं काही निघालं नाही, ते अपेक्षितच होतं. डबीत जमलेलं ऑइल मधूनमधून उपसून टाकत होतो. त्यात आता जुना अंश मिसळलेला, ते परत वापरायचं नाही.

शेवटी सुलटी फेरी. प्रत्येक निपल उघडून, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवून, आपोआप गळू दिलं. पुढच्या उजव्या कॅलिपरमधून दोन-तीन बुडबुडे निघाले. ते नळी लावताना आम्हीच घातलेले असावेत. दाजींनी पेडल दाबायचं आणि मी निपल उघड-बंद करायचं ही जुनी पद्धत एका-दोन दाबांपुरतीच ठेवली, तीही पेडल तळाला न नेता. जुन्या सिलिंडरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं असतं : रोजच्या वापरात सील जिथवर जातं त्यापुढचा भाग गंजून खरखरीत झालेला असतो, आणि एअर काढताना पेडल तळाला नेलं की सील तिथे घासून फाटतं. चांगला सिलिंडर एअर काढताना खराब झाल्याची उदाहरणं याच कारणाने घडतात.

ड्रम

पेडल आता टणक झालं होतं. कारंज्याची चाचणी परत केली, डबीत नुसती लाट. पण पहिला दाब अजून खोल जात होता, आणि ते आधीच माहीत होतं.

मागचे ड्रम काढले. लायनर भरपूर शिल्लक. भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये काय आहे त्याचा भरवसा नसतो. डाव्या बाजूची ऑटो अ‍ॅडजस्टरची, म्हणजे लायनर झिजतील तसं अंतर आपोआप भरून काढणारी, दातेरी पट्टी गंजाने आणि भुकटीने अडकलेली. पण ती का अडकली, हे हँडब्रेकच्या केबलने सांगितलं. कुणीतरी कधीतरी हँडब्रेक वर येतो म्हणून केबलचाच नट आवळून दिला होता. केबल ताणलेली राहिली की ड्रममधली तरफ तिच्या विश्रांतीच्या जागी पूर्ण परत येत नाही, आणि ती आली नाही की अ‍ॅडजस्टर पुढचा दात पकडत नाही. लायनर झिजत जातात, अंतर वाढत जातं, हँडब्रेक परत वर येतो, आणि परत केबल आवळली जाते. असं हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि हँडब्रेक दुरुस्त केल्याचं समाधान मात्र दर वेळी मिळतं.

केबल सैल केली, पट्टी साफ करून हलती केली, दाते पुढे सरकवले. ड्रम चढवून हाताने फिरवला की हलकी कुरकुर ऐकू यावी एवढं. त्यानंतरच केबल लावली. पेडल पहिल्याच दाबात, निम्म्याच्या बरंच वर थांबलं.

रस्त्यावर

इंजिन चालू करून पूर्ण जोराने पेडल धरून मिनिटभर थांबलो. सरकलं नाही. चारही निपलांपाशी कोरडा कागद लावून पाहिला. निपल आवळताना जोर करायचा नाही. छोट्या गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ते बसतं, त्यावर टोपी घालायची. मग गल्लीत १०-१५च्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. मग मोकळ्या रस्त्यावर. घरी ब्रेकचं काम करणाऱ्याने पहिली चाचणी रहदारीत घेऊ नये, एवढं तरी पाळावं. काही दिवसांनी दाजी करूळ घाट उतरून आले, दुसऱ्या गिअरवर, ब्रेक अधूनमधून मारत. पेडल जिथे होतं तिथेच होतं.

हे सगळं एबीएस नसलेल्या गाडीचं. आपल्याकडे एप्रिल २०१८पासून बाजारात आलेल्या नव्या मॉडेलांना आणि एप्रिल २०१९पासून सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तिथे खालून ऑइल ढकललं की ते एबीएसच्या हायड्रॉलिक युनिटमधून जातं, आणि त्याच्या बारीक वाटांत गाळ गेला तर खर्च मास्टर सिलिंडरच्या कितीतरी पट. शिवाय युनिटच्या आतल्या काही वाटा एरवी बंदच असतात, त्यांतली हवा स्कॅनर लावून व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय निघत नाही, ऑइल कुठल्याही बाजूने ढकला. अशा गाडीला आधी जुनं ऑइल पूर्ण बदलून मगच पिचकारीचा विचार करावा, आणि उत्पादकाच्या पुस्तकात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करावी.

दाजींच्या गाडीचे पुढचे होज पाइप अजून मूळचेच आहेत. ते या दिवाळीआधी बदलायचे ठरलंय. त्या कामाला पिचकारी लागणार नाही; हवा शिरेल ती चाकाच्या टोकाला, आणि तिथलं निपल उघडून ठेवलं की ती आपली आपण निघेल.